रथाला मोगरी कोण लावतं? जुन्या पेठा जिवंत कशा राहतात याबद्दल थोडं

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी सांगते, "खान्देशातल्या जुन्या पेठा आणि त्यांतलं सांस्कृतिक जीवन." समोरचा माणूस मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो: "म्हणजे मंदिरं-बिंदिरं का?" मंदिरं आहेतच. पण मला खरं शोधायचंय ते वेगळंच आहे. गावाचा एखादा भाग व्यापार गेल्यामुळे, स्टेशन लांब पडल्यामुळे किंवा पैसेवाली घरं नव्या कॉलनीत गेल्यामुळे ओस पडायला लागतो, तेव्हा त्याला धरून काय ठेवतं? आणि ते धरून ठेवणारं जे काही असतं, ते उभं कोण करतं?

नगररचनेवर लिहिणारे लोक आता 'सांस्कृतिक परिसर' असा शब्द वापरतात. जुनी वस्ती घ्यायची, तिथल्या इमारती नीट करायच्या, एखादं संग्रहालय, नाट्यगृह, वर्षातून एक महोत्सव, आणि हे सगळं तिथल्याच रहिवाशांच्या पुढाकारानं करायचं. म्हणजे वस्तीत पुन्हा जीव येतो, असा हिशोब. मुंबईचा काळा घोडा परिसर हे आपल्याकडचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. १९९८ साली तिथे काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली, पाठोपाठ महोत्सव सुरू झाला आणि महोत्सवातून आलेल्या पैशांतून आसपासच्या जुन्या वास्तूंची डागडुजी झाली. काम चांगलंच आहे. पण काळा घोडा हा मुळात कचेऱ्यांचा, कोर्टाचा, गॅलऱ्यांचा भाग. तिथे रात्री झोपायला फार माणसं नाहीत. ज्या पेठेत माणसं राहतात, वाळवण घालतात, भांडतात, तिथे हाच हिशोब लागू होतो का, हा माझा प्रश्न.

हा प्रश्न मला सुचला त्याला माझं गावही कारण आहे. मी वरणगावची. भुसावळपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर. भुसावळचं जंक्शन होण्याआधी या पट्ट्यात वरणगावला वजन होतं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, भुसावळ फुगत गेलं आणि वरणगाव हळूहळू 'भुसावळजवळचं' झालं. पुढे १९६४ मध्ये आयुध निर्माणी आली. फॅक्टरीसोबत आखीव वसाहत आली. तिथले रस्ते सरळ, क्वार्टर नंबराची, माणसं देशभरातून आलेली. गाव मात्र आपल्या जागी, आपल्या वळणावळणाच्या गल्ल्यांत राहिलं. बाहेरच्याला 'वरणगाव' म्हटलं की आधी फॅक्टरी आठवते, गाव नंतर. आता ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली आहे, आणि जुन्या गावासाठी 'काहीतरी सांस्कृतिक' करावं अशी चर्चा चहाच्या टपरीवर अधूनमधून निघतेच. कुणी म्हणतं सभागृह बांधा, कुणी म्हणतं नदीकाठ सुशोभित करा. म्हटलं, आपल्याच खान्देशात हे आधी कुणीकुणी केलंय ते तरी बघू.

धुळे: फुकट जागा आणि नंबरांच्या गल्ल्या

सुरुवात धुळ्यापासून करावी लागते, कारण तिथे एक अख्खं शहर पुन्हा वसवल्याची नोंद आपल्याकडे आहे. १८०३ च्या भयंकर दुष्काळात धुळं पार ओस पडलं होतं. दुसऱ्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवलं. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन आणि हक्क मिळाले. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं नव्या जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळं निवडलं. १८१९ च्या जानेवारीत सरकारी इमारती बांधायची परवानगी त्यानं मिळवली, लांबून कारागीर आणवले. व्यापारी आणि इतरांनी इथे येऊन राहावं म्हणून घरासाठी जागा कायमची बिनभाड्यानं दिली. वर घर बांधायला आगाऊ रक्कमही दिली, जुन्या रहिवाशांना आणि नव्यांनाही.

तेव्हा धुळ्यात ४०१ घरं आणि २,५०९ माणसं होती. १८७२ च्या मोजणीत ती १२,४८९ झाली. त्याच वर्षी मोठा पूर येऊन घरादारांचं बरंच नुकसान झालं, तरी शहर मागे हटलं नाही. म्हणजे ब्रिग्जचा उपाय लागू पडला म्हणायचा. पण एक बघा. जुनं धुळं होतं तसंच, वेड्यावाकड्या साध्यासुध्या घरांचं राहिलं. आखीव रस्ते आणि बरी घरं नव्या धुळ्याला मिळाली. त्या रस्त्यांना आजही लोक नंबरानं ओळखतात: गल्ली नंबर एक, गल्ली नंबर चार. खान्देशातल्या इतर गावांत गल्लीला जातीचं, देवाचं किंवा धंद्याचं नाव असतं. नंबर हा कुणाच्याच मालकीचा नसतो. बाहेरून आलेल्याला त्यात सोय आहे. पण नुसत्या नंबरावर कुणाचा जीव जडत नाही. घरं भरणं आणि पेठ वसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धुळ्यानं मला शिकवलं.

पेठ वसायला पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली आणि ती वसवली वर्गणीनं. १८९३ मध्ये शंकर श्रीकृष्ण देव या तरुणानं सत्कार्योत्तेजक सभा काढली. देव पुढे वकील झाले आणि त्यांनी रामदासी मठामठांतून हस्तलिखितं गोळा करायचं व्रतच घेतलं. त्या संग्रहातून धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं. नावात मंदिर, पण आत देवीच्या जागी पोथ्या. दुसरीकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या शेवटी धुळ्यात होते. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथेच वारले. मागे राहिले कागद: दप्तरं, टिपणं, अर्धवट लेखन. हा माणूस पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संस्थापकांपैकी एक. त्याचे कागद पुण्याला रवाना करणं सोपं होतं. धुळेकरांनी तसं केलं नाही. १९२७ मध्ये त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ काढलं, जागा केली, इमारत बांधली आणि 'संशोधक' हे त्रैमासिक चालवलं. हे सगळं जिल्ह्याच्या गावात, विद्यापीठ जवळपास नसताना. मला या गोष्टीचं अजून आश्चर्य वाटतं.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. ही वर्गणी देणारे आणि या वास्तूंत बसणारे बहुतेक वकील, मास्तर, सरकारी नोकर आणि काही व्यापारी. पेठेतल्या संस्था सगळ्यांसाठी आहेत असं लिहिलेलं असलं, तरी उंबरठा सगळ्यांना सारखा नसतो. ३१ जुलै १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्यात आले आणि राहिले कुठे? शहराबाहेर, लळिंगच्या लांडोर बंगल्यात. आज दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांची रीघ लागते, गाणी होतात, पुस्तकांची दुकानं लागतात. कुठल्याही व्याख्येनं बघितलं तरी हा लोकांनी स्वतः घडवलेला सांस्कृतिक परिसर आहे. फक्त तो पेठेत नाही, डोंगराच्या पायथ्याशी, कुरणात आहे. याच धुळ्यात राहून शरद पाटील यांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी'सारखं पुस्तक लिहिलं आणि इतिहास कुठून वाचायचा हाच प्रश्न उलटा केला. धुळ्याचा सांस्कृतिक नकाशा काढायचा तर या दोन जागाही त्यात हव्यात. नाहीतर तो वकिलांचा नकाशा होतो.

अमळनेर: शेटजींचं गाव

अमळनेरबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर वेगळा लेख लागेल. तिथे प्रताप मिल होती आणि मिलच्या पैशातून श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं. बोरी नदीकाठच्या तालुक्याच्या गावात बंगालपासून दक्षिणेपर्यंतचे तत्त्वज्ञ येऊन राहत होते, वेदान्तावर इंग्रजीत वाद घालत होते. घ. रा. मलकानी, टी. आर. व्ही. मूर्ती, रासबिहारी दास ही नावं तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आजही घेतात. साने गुरुजी आधी याच संस्थेत शिकायला आले आणि मग १९२४ ते १९३० या काळात इथल्या शाळेत मास्तर झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हातानं लिहून दैनिक काढत. तत्त्वज्ञान मंदिरातल्या इंग्रजी निबंधांपेक्षा ते हस्तलिखित गावाच्या जास्त आतवर गेलं असेल, असं आपलं माझं मत.

एका माणसाच्या पैशावर परिसर पटकन उभा राहतो, हे अमळनेरनं दाखवलं. मिल बंद पडल्यावर काय, तेही दाखवलं. संस्था टिकली, आज ती प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाते. पण मिलचा भोंगा आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग यांचं जे नातं होतं ते तुटलं. अमळनेरात साहित्य संमेलन दोनदा झालं, १९५२ आणि २०२४ साली. २०२४ ला त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनाचाही मंडप होता. एका गावात दोन मंडप म्हणजे गावाला अजून भांडण्यासारखं काही वाटतंय, हे मी चांगलंच लक्षण धरते.

जळगाव: रथ

आता ज्या जागेसाठी हा लेख लिहायला बसले तिथे येते.

जळगावचं जुनं गाव तुम्ही पाहिलं नसेल तर स्टेशनवरून उलट दिशेनं आत जा. रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगाव कापसाची मोठी बाजारपेठ झालं. पुढच्या दशकात खान्देश मिल सुरू झाली. नव्या पेठा सगळ्या व्यापाराच्या ओढीनं वसल्या: पोलन पेठ, नवी पेठ वगैरे. जुनं गावठाण या ओढीत मागे पडायला हवं होतं. वरणगावचं जे भुसावळमुळे झालं, तेच जुन्या जळगावचं नव्या जळगावमुळे व्हायचं.

नेमक्या त्याच सुमारास, १८७२ साली, जुन्या गावातल्या श्रीराम मंदिराचे अप्पा महाराज यांनी कार्तिकी एकादशीचा रथ सुरू केला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं मी म्हणणार नाही, माझे गाईड मला फाडून खातील. पण परिणाम दिसतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज एक वहन निघतं: घोडा, हत्ती, सिंह, मोर, शेषनाग, असं करत करत एकादशीला लाकडी रथ. वर्षातले दहा-अकरा दिवस शहराचं तोंड पुन्हा जुन्या गावाकडे फिरतं. नव्या कॉलनीत राहायला गेलेली घरं लेकरंबाळं घेऊन येतात, कारण रथ आपल्या जुन्या दारावरून जाणार असतो.

रथाचा मार्ग नीट वाचला तर ते जुन्या जळगावचं खानेसुमारीचं पत्रकच आहे. भोईटे गढी, कोळी पेठ, चौधरी वाडा, तेली चौक, बोहरा गल्ली, मणियार वाडा, भिलपुरा. प्रत्येक नावात एक समाज किंवा एक धंदा. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तिथे चादर चढवली जाते आणि मुस्लिम मंडळी रथाचं स्वागत करतात. अप्पा महाराज आणि लालशाह बाबा यांची मैत्री होती, ती दोघं गेल्यावरही मार्गात शिल्लक राहिली. धार्मिक सलोख्यावर भाषणं खूप होतात. इथे मात्र मिरवणुकीच्या मार्गातच तो थांबा आहे, म्हणजे कुणाला वाटलं तरी तो सहजासहजी गाळता येत नाही. मार्ग बदलणं म्हणजे दीडशे वर्षांचा करार मोडणं.

आता मोगरी. रथाला ना सुकाणू ना ब्रेक. एवढं मोठं लाकडी धूड चढ-उतारावरून, चिंचोळ्या गल्लीतून, विजेच्या तारांखालून न्यायचं तर चाकाखाली लाकडी पाचर सारून त्याला थांबवायचं किंवा वळवायचं. त्या पाचरेला मोगरी म्हणतात. ती लावणारी माणसं ठरलेली असतात आणि त्यांचा अंदाज एक वीतभर चुकला तर समोरच्या घराचा ओटा गेला म्हणून समजा. दोर ओढायला हजारो हात असतात, कुणीही लावतो. मोगरी लावायला सराव लागतो, आणि तो बापाकडून, काकाकडून, गल्लीतल्या जुन्या माणसाकडून मिळतो. कुठल्याही कार्यशाळेत शिकवत नाहीत.

माझ्या प्रबंधातला मुख्य मुद्दा इथेच येतो. पेठ वास्तूंवर टिकत नाही, जबाबदाऱ्यांच्या वाटणीवर टिकते. कोण मोगरी लावणार, कोणत्या गल्लीत पानसुपारी, कुणाकडे कोणत्या वहनाचं यजमानपद, कोण दिवे धरणार. ज्याच्याकडे काम आहे त्याला त्या दिवशी यावंच लागतं. तो ठाण्याला नोकरीला असो की सुरतला. काम नसलेला माणूस प्रेक्षक असतो, आणि प्रेक्षक पावसाचं कारण काढून घरी राहू शकतो.

हेच तुम्हाला मुंबईत लालबागलाही दिसेल. तिथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी बाजाराला हक्काची जागा मिळावी म्हणून नवस बोलला आणि १९३४ ला गणपती बसवला. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करत बंद झाल्या, जमिनींवर टॉवर आले, कितीतरी कुटुंबं बदलापूर-विरारकडे सरकली. तरी गणपतीच्या दहा दिवसांत आपापल्या मंडळाच्या कामाला माणसं परत येतात. गिरणगावाला पुन्हा वसवण्याच्या कितीक योजना कागदावर आल्या. माणसांना परत आणण्याचं काम अजूनही मंडळाची ड्युटी-यादीच करते.

मात्र हे सगळं फार गोड करून सांगायचं नाही. ठरलेलं काम म्हणजे ठरलेला मान, आणि मान म्हटला की जात आली. जे काम वंशपरंपरेनं मिळतं ते दुसऱ्याला वंशपरंपरेनंच नाकारलेलं असतं. मोगरी लावणाऱ्यांत मी अजून बाई पाहिलेली नाही. आणि बाईचा विषय निघालाच आहे, तर चौधरी वाड्यात थांबू.

रथाच्या याच मार्गावर, चौधरी वाड्यात, बहिणाबाई चौधरी राहत होत्या. जन्म १८८० चा, असोद्याचा. लग्न होऊन जळगावला आल्या, तरुणपणीच विधवा झाल्या आणि १९५१ मध्ये वारल्या. शेतात आणि जात्यावर गाणी रचत होत्या, आमच्या लेवा बोलीत. (धुळ्याकडे अहिराणी, आमच्याकडे लेवा गणबोली. पुण्यामुंबईकडची माणसं दोन्हीला 'खान्देशी' म्हणून मोकळी होतात.) १९३६ साली जळगावात अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष माधव जूलियन. मराठी कवितेतली मोठमोठी माणसं शहरात आली असणार. तेव्हा बहिणाबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या, याच शहरात, त्याच वाड्यात. त्यांचा मुलगा सोपानदेव तेव्हा कवी म्हणून माहीत होता. आईची गाणी मात्र छापली गेलेली नव्हती. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी ती कागदावर उतरवून घेतली होती, पण पुस्तक निघालं ते १९५२ ला, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं, बहिणाबाई गेल्यानंतर.

तारखांची ही जोडी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे: १९३६ आणि १९५२. मंडप होता, अध्यक्ष होते, शहरानं यजमानपद केलं, म्हणजे 'सांस्कृतिक' म्हणावं ते सगळं होतं. आणि त्या शहरातली सगळ्यात मोठी कवयित्री पाहुण्यांच्या यादीत नव्हती, कारण ती लिहीत नव्हती, गात होती. उद्या आपण वरणगावच्या जुन्या गावात एखादं केंद्र उभारलं तर त्याच्या पाठीमागच्या गल्लीत आज कोण गातंय, याची आपल्याला खबर असेल का? मला भीती वाटते ती याची.

आता त्याच वाड्यातल्या घरात भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशननं 'बहिणाई स्मृती' हे संग्रहालय केलं आहे. त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपलेल्या आहेत. विद्यापीठालाही २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं. संग्रहालय छान आहे, जरूर बघा. उद्योगसमूहाच्या पैशाशिवाय ते घर कदाचित पडून गेलं असतं, हेही मान्य करायला हवं. फरक इतकाच की संग्रहालयात गल्लीतल्या माणसाला काम नसतं. तो पत्ता सांगतो, फार तर पाहुण्यांच्या गाडीला जागा करून देतो. रथाच्या दिवशी त्याच माणसाच्या हातात काहीतरी असतं. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत, शंभर पावलांच्या आत आहेत, आणि त्यांची अजून नीट गाठ पडलेली नाही. वहनोत्सवाच्या दिवसांत त्या वाड्याच्या ओट्यावर गल्लीतल्या बायकांनी आपली जात्यावरची गाणी म्हणायची, असं कामच कुणी वाटून दिलं तर? मला कल्पना सुचवायला पैसे पडत नाहीत, पण हे जमण्यासारखं आहे असं वाटतं.

स्टेशनजवळ खान्देश मिल होती तिथे आता 'खान्देश सेंट्रल' आहे. ज्या पैशामुळे जुनं गाव मागे पडलं, तो पैसा जागा सोडून गेला. मागे पडलेलं गाव मात्र रथ ओढतंय. इतिहासात असे हिशोब क्वचित इतके सरळ मांडून मिळतात, म्हणून मला ते फार आवडतात.

मग वरणगाव?

सभागृह बांधायला माझा विरोध नाही. पावसाळ्यात लग्नं तरी लागतील. पण अभ्यासाच्या दृष्टीनं मला आधी वेगळा नकाशा काढायचाय. आमच्याकडच्या गावांत बारागाड्या ओढतात, कानबाईचे रोट होतात, आखाजीला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात, भजनी मंडळं आहेत, उरूस आहेत. यातलं प्रत्येक काम कोणत्या गल्लीकडे, कोणत्या घराकडे आहे? बारागाड्यांचं जू कोण बांधतं, भगताला आधार कोण देतं? पालखी कोणत्या गल्लीत जाते आणि कोणत्या गल्लीच्या तोंडाशी वळून परत फिरते? ती जिथे फिरते तिथे पेन्सिलीनं रेघ मारायची. पुढचं जे काही करायचं ते त्या रेघेच्या पलीकडून सुरू करावं लागेल. आणि फॅक्टरीच्या वसाहतीत साठ वर्षं राहिलेली कुटुंबं, ज्यांची मुलं इथेच जन्मली आणि ज्यांना गावातल्या एकाही उत्सवात ठरलेलं काम नाही, त्यांचं काय?

यासाठी सरकारी दप्तरात फारसं सापडत नाही. सापडतं ते घरांत: मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, पावतीपुस्तकं, भजनी मंडळाची हजेरी, नाटकाच्या तालमीच्या खर्चाचा हिशोब, ज्यात चहा आणि पेट्रोमॅक्सचं भाडं लिहिलेलं असतं. कुणी किती आणे दिले यावरून कोण त्या पेठेत स्वतःला धरत होतं ते कळतं. तेव्हा वरणगाव, भुसावळ, यावल, रावेर, मुक्ताईनगर या भागात तुमच्या आजोबांची अशी एखादी लाल कापडी बांधणीची वही माळ्यावर असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला द्यायच्या आधी मला एकदा बघू द्या. वही तुमच्याकडेच राहील, मला पानांचे फोटो पुरतात. आजी असतील तर आधी त्यांना विचारून ठेवा, त्या वहीत ज्यांची नावं नाहीत ती त्यांना पाठ असतात.